तारण : मरणानंतरचे आणि मरणाअगोदरचे

आमच्या निफाड तालुक्यात ‘तारण’ हा शब्द उच्चारला की माणसाला आधी सोसायटी आठवते, मग बँक, मग सातबाराचा उतारा. जमीन तारण, दागिने तारण, गोदामात ठेवलेला शेतमाल तारण. कर्ज फेडले तर ते सुटते, नाही फेडले तर जाते. ज्यांच्याकडे तारण ठेवण्यासारखे काहीच नव्हते, त्यांनी पूर्वी स्वतःचे हातपाय ठेवले. सालगड्याचा करार दुसरे काय होता? हाच शब्द ख्रिस्ती माणसाच्या तोंडी आला की त्याचा अर्थ पापापासून आणि मरणापासून सुटका असा होतो. येशूला ते ‘तारणारा’ म्हणतात. परंतु हे दोन अर्थ वाटतात तितके परस्परांपासून दूर नाहीत. बायबलच्या नव्या करारात ही सुटका समजावताना खंडणी भरून गुलामाला सोडवण्याची उपमा अनेकदा येते. ऋण मोठे आहे, ते फेडण्याची ऐपत ऋणकोत नाही, दुसऱ्या कोणी ते फेडले आणि माणूस मोकळा झाला, असा हा विचार आहे.

या विषयावर लिहावे असे मला एका मरणाने भाग पाडले. माझ्या वडिलांची आत्या तीन वर्षांपूर्वी वारली. तिला आम्ही आत्याआजी म्हणत असू. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीकडच्या एका गावात ती दिलेली होती. तिच्या सासरचे लोक मूळचे महारवाड्यातलेच, परंतु दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. त्या काळी आमच्यात अशी लग्ने होत. लग्नानंतर तिने बाप्तिस्मा घेतला. इकडे तिच्या पाठच्या भावाने, म्हणजे माझ्या आजोबांनी, १९५६ नंतर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बहीण-भाऊ एकाच झोपडीतून निघून दोन वाटांनी गेले. दिवाळी दोघांचीही सुटली, पण भाऊबीज सुटली नाही. तो दरवर्षी जायचा आणि ती ओवाळायची.

आत्याआजीच्या मातीला वडील आणि मी गेलो होतो. पेटी-ढोलकीवर गीते झाली, शवपेटी खड्ड्यात उतरली, आम्ही मूठमूठ माती टाकली. मग एका तरुण प्रचारकाने उपदेश केला. तो म्हणाला, आमची ही बहीण आज प्रभूजवळ पोचली. मात्र ज्यांनी प्रभूला स्वीकारले नाही त्यांच्यासाठी ते दार कायमचे बंद आहे, म्हणून जमलेल्यांनी वेळीच विचार करावा. परतीच्या वाटेवर कोपरगाव येईपर्यंत वडील गप्प होते. मग म्हणाले, “तू शिकला-सवरला. एवढं सांग, मंग आबा कुठं गेले?”

वडील सातवी शिकलेले. वंदना, त्रिशरण, पंचशील त्यांना पाठ आहे. आत्मा न मानणाऱ्या धम्माच्या माणसाने हा प्रश्न विचारावा याचे एखाद्या पंडिताला हसू येईल. मला आले नाही. कारण तो प्रश्न परलोकाविषयी नव्हता, मानाविषयी होता. गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला स्वर्गालाही कूस आहे आणि आपला बाप त्याही बाहेर राहिला, असे बहिणीच्या मातीवर ऐकावे लागले होते. मी त्यांना तेव्हा उत्तर दिले नाही. आपल्या चळवळीत ख्रिस्ती विचाराविषयी दोनच प्रकारचे बोलणे चालते. एक म्हणजे ‘मिशनऱ्यांनी आमिष दाखवले’ आणि दुसरे म्हणजे ‘मिशनऱ्यांनी शाळा काढल्या’. मरणानंतरच्या तारणाविषयी ते लोक प्रत्यक्षात काय मानतात, हे आपण समजून घेतलेले नसते. ते आधी समजून घेऊ.

पहिली गोष्ट, ख्रिस्ती माणूस पुनर्जन्म मानत नाही. जन्म एकदा, मरण एकदा आणि त्यानंतर न्याय. दुसरी गोष्ट, सर्व माणसे पापाच्या अमलाखाली आहेत. आदामाच्या आज्ञाभंगाने मनुष्यजात देवापासून तुटली आणि स्वतःच्या पुण्याईने कोणीही परत जाऊ शकत नाही. तिसरी गोष्ट, देवाने स्वतः येशूच्या रूपाने मनुष्यदेह घेतला, तो वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि त्यामुळे तुटलेला संबंध जुळला. हे सारे माणसाला फुकट मिळते. त्यालाच ते ‘कृपा’ म्हणतात. चौथी गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. मूळ ख्रिस्ती आशा ही आत्मा देहातून सुटून वर जाण्याची नाही. देहासकट पुन्हा उठण्याची आहे. अखेरच्या दिवशी मेलेले उठतील आणि सृष्टी नवी होईल असे ते मानतात. ते प्रेत पुरतात त्यामागे हीच आशा आहे.

आता हे चार मुद्दे कर्मविपाकाच्या शेजारी ठेवून पाहा. महाराचा जन्म का आला, या प्रश्नाला आपल्या आज्या-पणज्यांना एकच उत्तर शिकवले होते : मागच्या जन्मीचे पाप. हा हिशेब ऋणकोला कधीच दिसत नव्हता. वही सावकाराच्या घरात होती. या जन्मी निमूट सेवा केली तर पुढचा जन्म बरा, म्हणजे मुदत वाढवून मिळणार, सुटका नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या कर्मसिद्धांतावर नेमके बोट ठेवले आहे. दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी समाजावर आणि राज्यावर येऊ नये, यासाठीच त्याचा उपयोग झाला. अशा समाजात ख्रिस्ती प्रचारक येऊन म्हणाला, मागचा जन्म नाही. आणि पापी म्हणाल तर सगळेच पापी, वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणही आणि मेलेले जनावर ओढणारा महारही. समतेचा हा विचित्र दरवाजा होता, पापातील समतेचा. पण जेथे दुसरा कोणताच दरवाजा उघडा नव्हता, तेथे तो लहान नव्हता. तसेच देहाच्या पुनरुत्थानाचे. ज्या देहाची सावलीसुद्धा विटाळ मानली गेली, तोच देह देव पुन्हा उठवणार आहे, तो टाकाऊ नाही, हे ऐकताना त्या माणसाला काय वाटले असेल याची कल्पना आपण करू शकतो.

याचे उदाहरण शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. नाशिकचा शरणपूर रोड सर्वांना माहीत आहे. ते नाव कोठून आले हे थोड्यांना माहीत असते. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने तेथे ख्रिस्ती वस्ती वसवली. शरण आलेल्यांचे गाव ते शरणपूर. गुलामांची वाहतूक करणारी जहाजे इंग्रजांच्या आरमाराने पकडली की त्यांतील आफ्रिकी मुलांपैकी काहींना येथे आणून शिकवीत. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ च्या मे महिन्यात डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात मरण पावला. त्याचे हृदय तेथे झाडाखाली पुरले गेले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती या वेनराइटने. पुढे एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनची शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि नाशकात शिकलेला एक काळा तरुण एका गोऱ्या माणसाच्या मरणावर पुनरुत्थानाच्या आशेचे शब्द वाचतो. आपल्याकडे त्याच काळात कोणा महाराने कोणा सवर्णाच्या मर्तिकावर मंत्र म्हटला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको. महाराचे काम मर्तिकाची बातमी गावोगाव पोचवण्याचे आणि सरणाची लाकडे वाहण्याचे होते.

या न्यायाने पाहिले तर ‘तांदळासाठी ख्रिस्ती झाले’ ही कुत्सित भाषा आपण तरी वापरू नये. १८७६ च्या आणि १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत मिशनने अन्न दिले हे खरे, आणि भुकेल्याने ते घेतले हेही खरे. भुकेल्याला अन्नाबरोबर माणूसपणही हवे असते, हे पोट भरलेल्यांच्या लक्षात येत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आश्रमाला नाव दिले ‘मुक्ती’. शब्द मोक्षाच्या घरातला. पण त्या मुक्तीत दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा होत्या, छापखाना होता, शेती होती, अक्षरे होती. तारण मरणाअगोदर सुरू होते, हे रमाबाईंना कोणी शिकवावे लागले नाही.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. जे ख्रिस्ती नाहीत त्यांचे काय? त्या तरुण प्रचारकाने दिलेले उत्तर हेच एकमेव ख्रिस्ती उत्तर आहे, असा आपला समज असतो. तो चूक आहे. या एका प्रश्नावर ख्रिस्ती लोक दोन हजार वर्षे आपसात वाद करीत आहेत.

कडक उत्तर जुने आहे. चर्चच्या बाहेर तारण नाही, हे सूत्र तिसऱ्या शतकातले. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने ते अत्यंत कठोर शब्दांत मांडले आणि परधर्मीयांना शाश्वत अग्नीत टाकले. मरणानंतर शुद्ध होण्याचे एक ठिकाण, पर्गेटरी, कॅथॉलिक मानतात. तेथील शिक्षेत सूट देणारी पत्रे पैसे घेऊन वाटली जाऊ लागली, तेव्हा १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथर उभा राहिला. देवाची कृपा विकत मिळत नाही, ती विश्वासानेच मिळते, असे तो म्हणाला. दक्षिणेच्या नावाखाली मेलेल्याच्या नातलगांना लुबाडणारे भिक्षुक आपण पाहिले आहेत. त्यामुळे ल्यूथरचा संताप आपल्याला लवकर कळतो. त्याच्या वाटेने गेलेल्या प्रॉटेस्टंट पंथांनी पर्गेटरी नाकारली. मात्र त्यातून दुसरी अडचण आली. विश्वासानेच तारण, तर ज्यांनी विश्वास ठेवला नाही ते बुडाले, असे पुष्कळांनी शब्दशः मानले. आमचा प्रचारक याच परंपरेतला होता.

परंतु दुसरी उत्तरेही तितकीच जुनी आहेत. तिसऱ्या शतकातील ओरिजेनला आशा होती, की अखेरीस सर्वच देवाकडे परततील. चर्चने पुढे ती नाकारली, तरी ती आशा मेली नाही. प्रेषितांच्या मतांगिकारात, म्हणजे मंडळी उपासनेत म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीत, येशू मेल्यावर मृतांच्या लोकात उतरला असे एक कलम आहे. त्याच्या आधी मेलेल्यांनाही सोडवायला तो गेला, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या मते मेलेले पुनरुत्थानापर्यंत झोपेत असतात आणि दुष्टांना अनंत काळ जाळले जात नाही, ते नष्ट होतात. कॅथॉलिक चर्चने तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, अधिकृतपणे सांगितले, की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिकपणे सदसद्विवेकाला धरून जगतात, त्यांनाही तारण मिळू शकते. पुढच्याच वर्षी त्या परिषदेने बौद्ध धर्माचा आदराने उल्लेख केला. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मतत्त्व आयोगाने, बाप्तिस्म्याशिवाय मेलेल्या अर्भकांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे, असा निर्वाळा दिला. ही आईबापांची किती शतकांची ठसठस असेल!

आणि खुद्द शुभवर्तमानात काय आहे? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाचे चित्र आहे. तेथे कोणाला धर्म विचारला जात नाही. भुकेल्याला खायला दिले का, तहानेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, तुरुंगातल्याला भेटलात का, एवढेच विचारले जाते. ज्यांनी हे केले त्यांना आपण देवासाठी काही केले याचा पत्ताही नव्हता. १९२७ साली महाडच्या पाण्यासाठी मार खाल्लेल्या माणसांच्या वारसांनी हा अध्याय एकदा जरूर वाचावा. तहानेल्याला पाणी नाकारणाऱ्याचे काय होते, हे तेथे स्पष्ट सांगितले आहे.

मग बाबासाहेब ख्रिस्ती का झाले नाहीत? १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आमच्या शेजारच्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. माझे पणजोबा त्या परिषदेला पायी गेले होते असे घरात सांगतात. त्यानंतर अनेक धर्मांचे लोक त्यांना भेटले, त्यांत ख्रिस्ती धर्मगुरूही होते. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती मंडळींपुढे बोलताना त्यांनी बुद्धाप्रमाणेच ख्रिस्ताविषयीही आदर व्यक्त केला. त्याचबरोबर ख्रिस्ती समाजातील जातिभेदावर आणि राजकीय उदासीनतेवर स्पष्ट टीका केली. त्यांचे यासंबंधीचे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये पाचव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यातील मुद्दा आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. अस्पृश्याला सांगण्यात आले, की त्याचे पतन त्याच्या पापामुळे झाले आहे आणि पापाची क्षमा हा त्यावरचा उपाय आहे. बाबासाहेब म्हणतात, माणसाच्या अधोगतीचे कारण त्याच्याभोवतीची प्रतिकूल व्यवस्था आहे. ते त्याच्या पापात शोधले की तो व्यवस्थेविरुद्ध लढायचे सोडून देतो. मागच्या जन्मीच्या पापाऐवजी आदामाचे पाप आले. पण अन्याय करणारा दोन्हीकडे सुटला! म्हणून त्यांनी बुद्धाला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे. तो मरणानंतरचे आश्वासन देत नाही, वाट दाखवतो. चालायचे आपल्याला.

ही टीका खरी होती याचा पुरावा ख्रिस्ती समाजानेच दिला. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि सवर्ण ख्रिस्ती यांच्या थडग्यांमध्ये भिंत घातली गेली. एकाच पुनरुत्थानाची वाट पाहणारे मुडदे भिंतीच्या दोन बाजूंना! राज्यानेही आपली भिंत घातली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना नाहीत. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली आणि २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. आत्याआजीच्या नातवाचा दाखला इतर मागासवर्गाचा, माझा अनुसूचित जातीचा. गावाने मात्र आम्हा दोघांना ओळखण्यात कधी फरक केला नाही.

तरीही कथा येथे संपत नाही. बाबासाहेबांच्या प्रश्नाला ख्रिस्ती समाजातूनच उत्तर देण्याचा प्रयत्न झाला आणि तो करणारा माणूस मराठी मुलखातला होता. अरविंद निर्मळ यांनी एप्रिल १९८१ मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात केलेल्या भाषणातून दलित ख्रिस्ती धर्मविचाराची सुरुवात झाली असे मानतात. पुढे चेन्नईच्या गुरुकुल संस्थेत त्यांनी त्या विषयाचा विभाग सांभाळला. येशू हा स्वतः दलित आहे, वधस्तंभावर त्याला देवानेही टाकून दिल्यासारखे वाटले तो अनुभव दलितांचा रोजचा अनुभव आहे, असे त्यांचे म्हणणे. पाप म्हणजे केवळ व्यक्तीचा दोष नव्हे. जातिव्यवस्था हेच पाप आहे आणि तारणात तिच्यातून सुटका आलीच पाहिजे, या दिशेने हा विचार जातो. दहा वर्षे आधी, १९७१ मध्ये, पेरू देशात गुस्तावो गुतिएरेस हेच शोषित कष्टकऱ्यांच्या संदर्भात म्हणत होते. तारण मरणानंतरचे की अगोदरचे, हा वाद आता त्यांच्या घरातही पेटलेला आहे.

माझी भूमिका सांगतो. मी बौद्ध आहे; मरणानंतर कोणी मला तारावे अशी माझी अपेक्षा नाही. परंतु परलोकाविषयीची कोणतीही श्रद्धा मी एकाच कसोटीला लावतो : ती या लोकातली भिंत पाडते की नवी बांधते? कृपेच्या कल्पनेने कर्मविपाकाची भिंत फोडली, तेव्हा ती आमच्या बाजूची होती. तीच कृपा ‘फक्त आमच्यासाठी’ झाली आणि दुसऱ्याच्या बापाला दाराबाहेर ठेवू लागली, की ती नवे सोवळे होते. हा दोष एकट्या ख्रिस्ती धर्माचा नाही. ख्रिस्ती नातलगाला ‘परका’ म्हणणारे, त्याच्या आरक्षणाचा प्रश्न आपला नव्हे म्हणणारे कार्यकर्ते आपल्यातही आहेत. त्यांनी जोतिबा फुल्यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुन्हा उघडावा. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात जोतिबांनी एक घर कल्पिले आहे. त्या घरात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सारे एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने राहतात. हे घर कल्पनेतले आहे असे पुष्कळांना वाटते. आमचे होते, निम्मे तरी.

आत्याआजीच्या वर्षप्रार्थनेला आम्ही पुन्हा गेलो. त्याआधी मी हे सारे माझ्या परीने वडिलांना सांगितले होते. मत्तयाचा तो अध्यायही वाचून दाखवला होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मंग आबाचं काम झालेलं हाय. आपल्या विहिरीवर त्यांनी कुणाला पाणी नाय म्हणलं नाय.” प्रार्थना झाल्यावर ते उठले आणि भावाकडून बहिणीला म्हणून तिच्या मातीवर फुले ठेवली. तो प्रचारक तेथे होता. त्याने वडिलांना बसायला आपली खुर्ची दिली आणि चहाचा कप स्वतः आणून दिला. तारणाविषयी दोघेही काही बोलले नाहीत.